मोडीत निघणाऱ्या बॅटरीचे मोल

सायंकाळच्या वेळी क्रांती चौकात पाच मिनिटे उभे राहून पाहावे. पूर्वेकडून चिकलठाणा-शेंद्रा औद्योगिक वसाहतींतील पाळी संपवून परतणारी माणसे, पश्चिमेकडे वाळूजच्या वाटेला लागलेली वाहने आणि मध्ये शिवछत्रपतींचा भव्य अश्वारूढ पुतळा. या गर्दीत हिरव्या पाटीची वाहने आता सहज नजरेस पडतात. हिरवी पाटी म्हणजे विजेवर धावणारे वाहन. चार-पाच वर्षांपूर्वी असे वाहन दिसले की माणसे वळून पाहत. आता कोणी वळून पाहत नाही, इतके ते अंगवळणी पडले आहे.

हे शहर वाहनांच्या बाबतीत देशाला चकित करणारे आहे. २०१० च्या ऑक्टोबर महिन्यात येथील उद्योजकांनी व व्यावसायिकांनी एकत्र येऊन १५० मर्सिडीज मोटारी एकाच वेळी खरेदी केल्या आणि देशभर त्याची चर्चा झाली. पुढे २०२१ च्या अखेरीस याच शहरात ‘औरंगाबाद मिशन फॉर ग्रीन मोबिलिटी’ या नावाने विद्युत मोटारींच्या सामूहिक खरेदीची मोहीम उभी राहिली. पहिल्या खरेदीत ऐश्वर्याचे दर्शन होते, दुसरीत पर्यावरणाची जाणीव. हा बदल कौतुकास्पदच म्हटला पाहिजे. २०२४ मध्ये तर बिडकीनच्या ऑरिक औद्योगिक नगरीकडे विद्युत वाहनांच्या मोठ्या प्रकल्पांची रीघ लागली. एथर एनर्जीने सुमारे दोन हजार कोटी रुपयांच्या कारखान्याची घोषणा केली, टोयोटा किर्लोस्करने राज्य शासनाशी सुमारे वीस हजार कोटी रुपयांचा सामंजस्य करार केला आणि जेएसडब्ल्यूचाही सत्तावीस हजार कोटी रुपयांवरचा प्रकल्प जाहीर झाला. मराठवाड्याच्या तरुणाला रोजगारासाठी पुण्या-मुंबईची वाट धरावी लागू नये, हे स्वप्न अनेक पिढ्यांनी पाहिले. ते पुरे होण्याची चिन्हे दिसत असतील तर त्याचे मनापासून स्वागत केले पाहिजे.

परंतु या आनंदाच्या क्षणी एक अप्रिय प्रश्न विचारणे भाग आहे. या वाहनांच्या बॅटऱ्या थकतील तेव्हा त्यांचे काय करावयाचे? एथरच्या नियोजित कारखान्याची क्षमता पूर्णत्वास गेल्यावर वर्षाला दहा लाख वाहनांची आहे. दुचाकीची बॅटरी साधारण वीस किलोची धरली, तर एका कारखान्यातून एका वर्षात वीस हजार टन बॅटऱ्या बाहेर पडतील. आज ज्या बॅटऱ्या अभिमानाने बाहेर पडतील, त्याच आठ-दहा वर्षांनी भंगार म्हणून कोणाच्या तरी दारात येऊन उभ्या राहतील. तो दरवाजा कोणाचा असावा, हे आजच ठरवावे लागेल.

झारेकऱ्याची नजर

आपल्या समाजात वस्तू ‘टाकून देणे’ ही कल्पना फार अलीकडची आहे. तांब्या-पितळेचे भांडे गळू लागले की ते कासाराकडे जात असे. कासार त्याचा ‘मोड’ म्हणून भाव करी आणि तेवढी रक्कम नव्या भांड्याच्या किमतीतून वजा होई. बोहारीण जुने कपडे घेऊन भांडी देई. सराफ्यातला झारेकरी तर त्याहून विलक्षण. तो सोनारांच्या दुकानातील व दारातील केर, राख, माती विकत घेई, ती पाण्यात धुऊन काढी आणि त्यातून सोन्या-चांदीचे कण वेगळे करी. ज्याला जग केर समजत होते त्यात त्याला धातू दिसत होता. आज पाश्चात्त्य जग ज्याला ‘नागरी खाणकाम’ असे भारदस्त नाव देते, ते काम आमचा झारेकरी पिढ्यान्‌पिढ्या करीत आला.

धातुविद्येचा वारसाही आपल्याकडे कमी नाही. राजस्थानातील झावर येथे शेकडो वर्षांपूर्वी जस्ताचे ऊर्ध्वपातन मोठ्या प्रमाणावर होत होते. जस्त तापविले की त्याची वाफ होऊन ते हातचे निसटते. ती वाफ मुशीतून खाली उतरवून थंड करण्याची युक्ती आपल्या कारागिरांनी शोधली होती. अमेरिकेतील धातुशास्त्रज्ञांच्या संस्थेने १९८८ मध्ये या स्थळाचा ऐतिहासिक स्थळ म्हणून गौरव केला. मात्र वारशाचा अभिमान ही एक गोष्ट आणि वारसा पुढे चालविणे ही दुसरी. पूर्वजांनी जस्त काढले, म्हणून आपल्याला आपोआप लिथियम काढता येईल असे नाही. त्यासाठी प्रयोगशाळेत रात्री जागवाव्या लागतात.

बॅटरीच्या पोटात काय असते?

लिथियम-आयन बॅटरी बाजारात आली ती १९९१ मध्ये, जपानच्या सोनी कंपनीमार्फत. तिचा पाया घालणाऱ्या गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो या तीन शास्त्रज्ञांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. या बॅटरीत तांब्याच्या पातळ पत्र्यावर ग्रॅफाइटचा आणि ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर लिथियमयुक्त संयुगाचा लेप असतो. मध्ये सच्छिद्र पडदा आणि ज्वालाग्राही द्रव असतो. बॅटरी भारित होताना लिथियमचे आयन एका बाजूकडून दुसरीकडे जातात, वापरताना ते परततात. ही ये-जा हजारो वेळा झाली की लेप थकतो, काही लिथियम अडकून पडते आणि बॅटरीची धारणशक्ती उतरते. धातू मात्र कोठेही जात नाहीत. पेट्रोल जळून धुरात जाते, परत मिळत नाही. बॅटरीतील लिथियम, निकेल, कोबाल्ट, तांबे बॅटरी थकल्यावरही जागच्या जागी असतात. विद्युत वाहनाचे खरे वेगळेपण येथे आहे.

हे धातू परत मिळविण्याची वाट सोपी नाही. प्रथम बॅटरीतील उरलेली वीज काढून घ्यावी लागते. तसे न करता ती फोडली तर आग लागते. त्यानंतर तिचे भाग सुटे करून हवाबंद यंत्रात तुकडे केले जातात. तांबे, ॲल्युमिनियम व प्लॅस्टिक वेगळे झाल्यावर जी काळी भुकटी उरते तीत खरा ऐवज असतो. चांगल्या प्रतीच्या लिथियमच्या खडकातही लिथियमचे प्रमाण शेकडा एकाहून कमी असते, तर या भुकटीत ते साधारण शेकडा तीन ते पाच भरते. म्हणजे खाणीपेक्षा भंगार अधिक श्रीमंत आहे!

भुकटीपासून पुढे दोन मुख्य मार्ग आहेत. एक भट्टीचा. सुमारे चौदाशे-पंधराशे अंश तापमानाला निकेल, कोबाल्ट व तांबे वितळून एकत्र येतात, परंतु लिथियम आणि ॲल्युमिनियम मळीत निघून जातात. दुसरा मार्ग आम्लाचा. भुकटी आम्लात विरघळवून एकेक धातू क्रमाने वेगळा काढतात आणि शेवटी सोड्याच्या साहाय्याने लिथियम कार्बोनेटचा पांढरा साका मिळवितात. यातही गंमत अशी की बहुतेक क्षार गरम पाण्यात अधिक विरघळतात, लिथियम कार्बोनेट मात्र पाणी तापले की कमी विरघळते. म्हणून हा शेवटचा टप्पा गरम द्रावणात करतात. तिसरा मार्गही संशोधनात आहे. तो म्हणजे लेपाचे संयुग न मोडता, त्यातून गळालेले लिथियम पुन्हा भरून ते थेट नव्यासारखे करणे. कल्हई गेलेले भांडे वितळवून नवे घडविण्याऐवजी त्याला पुन्हा कल्हई लावावी, तसा हा प्रकार आहे.

परावलंबनाचा नवा फास

खनिज तेलासाठी आपण गेली कित्येक दशके परकीयांचे तोंड पाहत आलो. विद्युत वाहन त्यातून सुटकेचा मार्ग म्हणून पुढे आले. परंतु तेलाचा फास काढून खनिजांचा फास गळ्यात घालून घेतला, तर आपण मिळविले काय? जगातील कोबाल्टचा सर्वांत मोठा वाटा आफ्रिकेतील काँगोच्या खाणींतून येतो. लिथियम ऑस्ट्रेलिया व दक्षिण अमेरिकेतून निघते. आणि कोठूनही निघाले तरी त्याच्या शुद्धीकरणाची किल्ली प्रामुख्याने चीनच्या हाती आहे. डिसेंबर २०२३ पासून चीनने ग्रॅफाइटच्या निर्यातीला परवान्याची अट घातली. एप्रिल २०२५ मध्ये काही दुर्मिळ मृदा धातू व त्यांपासून बनणाऱ्या चुंबकांवर निर्बंध आणले, तेव्हा भारतीय वाहन कंपन्यांचे उत्पादन अडखळण्याची वेळ आली. एका देशाने एक कागद काढावा आणि आपल्या कारखान्यांची चाके मंदावावीत, ही स्थिती कोणत्याही स्वाभिमानी राष्ट्राला शोभणारी नाही.

स्वदेशी खाणींचे काय, असे कोणी विचारील. फेब्रुवारी २०२३ मध्ये जम्मू-काश्मीरच्या रियासी जिल्ह्यात ५९ लाख टन लिथियमयुक्त साठ्याचा प्राथमिक अंदाज जाहीर झाला आणि देशात उत्साहाची लाट आली. परंतु प्राथमिक अंदाज आणि बाजारात येणारा धातू यांत बरीच वर्षे जातात. तेथील लिलावाला पुरेसा प्रतिसाद मिळाला नाही आणि तो २०२४ मध्ये रद्द करावा लागला. जानेवारी २०२४ मध्ये ‘काबिल’ या सरकारी कंपनीने अर्जेंटिनातील पाच क्षेत्रांसाठी करार केला, तोही दीर्घ पल्ल्याचा मार्ग आहे. या सर्व वाटा चोखाळल्याच पाहिजेत. परंतु जी खाण आपल्या रस्त्यांवरून रोज धावते आहे, तिच्याकडे दुर्लक्ष करून कसे चालेल? दुचाकीच्या एका बॅटरीत अंदाजे तीनशे ग्रॅम लिथियम असते. दहा लाख वाहनांचे होते तीनशे टन. एकदा परकीय चलन मोजून आणलेले हे लिथियम भंगारातून पुन्हा परदेशी जाऊ द्यावयाचे, की येथेच फिरते ठेवावयाचे, एवढाच प्रश्न आहे.

दुर्दैवाने आजवर बरेचदा पहिला प्रकार घडत आला. अनेक ठिकाणी बॅटरी फोडून काळी भुकटी करण्यापर्यंतचे काम आपल्याकडे होते आणि भुकटी परदेशी शुद्धीकरण कारखान्यांना विकली जाते. धोका आमच्या कामगाराने पत्करावयाचा आणि मोल परक्यांनी घ्यावयाचे, हा व्यवहार ओळखीचा वाटतो. पूर्वी कापूस येथून जाई व कापड तेथून येई.

संशोधन कोठवर आले?

निराश होण्याचे कारण मात्र नाही. पुण्यात मुख्यालय असलेल्या ‘सी-मेट’ या केंद्र शासनाच्या संस्थेने आपल्या हैदराबाद केंद्रात लिथियम-आयन बॅटरीच्या पुनर्चक्रीकरणाचे स्वदेशी तंत्र विकसित केले. निरनिराळ्या प्रकारच्या टाकाऊ बॅटऱ्यांतून लिथियम, कोबाल्ट, मँगनीज आणि निकेल यांचा शेकडा ९५ हून अधिक भाग सुमारे शेकडा ९८ शुद्धतेच्या संयुगांच्या रूपात त्यातून परत मिळतो. २०२३ मध्ये हे तंत्र नऊ उद्योगांना व नवउद्योगांना देण्यात आले. जमशेदपूरची राष्ट्रीय धातुकर्म प्रयोगशाळाही या क्षेत्रात काम करते. रुरकी, नोएडा येथील खासगी कंपन्यांनी या व्यवसायात जम बसविला आहे आणि टाटा केमिकल्सने २०१९ मध्ये मुंबईजवळ या कामास प्रारंभ केला. म्हणजे ‘हे आपल्याला जमणारे नाही’ ही सबब आता उरलेली नाही.

शासनानेही पावले उचलली आहेत. ऑगस्ट २०२२ मध्ये बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम लागू झाले. पूर्वीचे २००१ चे नियम शिशाच्या बॅटऱ्यांपुरते होते, नवे नियम सर्व प्रकारच्या बॅटऱ्यांना लागू आहेत. बॅटरी बाजारात आणणाऱ्यावरच ती परत गोळा करून तिच्यावर प्रक्रिया करण्याची जबाबदारी टाकण्यात आली. विद्युत वाहनांच्या बॅटरीतून २०२४-२५ मध्ये शेकडा ७०, २०२५-२६ मध्ये ८० आणि २०२६-२७ पासून ९० पदार्थ परत मिळवावेत असे उद्दिष्ट आहे. इतकेच नव्हे, तर २०२७-२८ पासून नव्या बॅटरीत पुनर्चक्रित पदार्थ किमान शेकडा ५ असावेत आणि हे प्रमाण वाढत २०३०-३१ मध्ये शेकडा २० व्हावे, अशी तरतूद आहे. जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्रीय महत्त्वपूर्ण खनिज अभियानाला मंजुरी मिळाली आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये पुनर्चक्रीकरणास चालना देण्यासाठी १५०० कोटी रुपयांची योजना मंजूर झाली. तिचा एक तृतीयांश हिस्सा लहान व नव्या उद्योगांसाठी राखून ठेवला आहे, ही विशेष स्वागतार्ह गोष्ट.

नियम उत्तम आहेत. परंतु नियम कागदावर आणि बॅटरी भंगारवाल्याच्या हातगाडीवर, असे होऊ नये. जबाबदारी पूर्ण केल्याची प्रमाणपत्रे विकत घेण्याची सोय या व्यवस्थेत आहे. प्लॅस्टिकच्या बाबतीत अशाच व्यवस्थेत लाखो बनावट प्रमाणपत्रे निघाल्याचे २०२३ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या तपासणीत उघड झाले होते. बॅटरीच्या बाबतीत त्याची पुनरावृत्ती होऊ द्यावयाची नसेल, तर कागदापेक्षा कारखान्यातील वजनकाट्यावर लक्ष ठेवावे लागेल.

स्वस्त बॅटरीचा पेच

संशोधकांपुढे आज सर्वांत मोठे आव्हान वेगळेच आहे. निकेल-कोबाल्ट असलेल्या बॅटरीचे भंगार मौल्यवान असते. त्यातील कोबाल्ट-निकेलच्या किमतीतून प्रक्रियेचा खर्च भागतो. परंतु वाहन कंपन्या आता लोह-फॉस्फेट प्रकारच्या बॅटरीकडे वळत आहेत. ती स्वस्त आहे, उष्णतेत अधिक सुरक्षित आहे आणि दीर्घकाळ टिकते. ग्राहकाच्या दृष्टीने हे सर्व चांगलेच. परंतु तिच्यात ना कोबाल्ट, ना निकेल. उरते ते लोखंड, फॉस्फेट आणि थोडे लिथियम. २०२२ च्या अखेरीस शिखरावर असलेला लिथियमचा भाव २०२५ च्या मध्यापर्यंत जवळपास दहाव्या हिश्श्यावर आला. अशा वेळी या बॅटरीवर प्रक्रिया करणे व्यापारी दृष्टीने परवडेनासे होते. जे परवडत नाही ते मग कोपऱ्यात पडते, नाल्यात जाते किंवा रात्री पेटविले जाते.

म्हणूनच येथे बाजारावर विसंबून चालणार नाही, संशोधनच हवे. लोह-फॉस्फेटच्या सांगाड्याला धक्का न लावता त्यातून केवळ लिथियम काढून घेणे, किंवा थकलेल्या पदार्थात लिथियम पुन्हा भरून तो वापरण्याजोगा करणे, या दिशांनी जगभर प्रयत्न चालू आहेत. शिवाय सोडियम-आयन बॅटरीही दारात उभी आहे. पुण्याच्या केपीआयटी कंपनीने तेथील आयसर या संस्थेच्या सहकार्याने विकसित केलेले असे तंत्र डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर केले. सोडियम मिठातून मिळते, त्यामुळे कच्च्या मालाचे परावलंबन कमी होईल. पण त्या बॅटरीच्या भंगाराला तर त्याहूनही कमी भाव असेल. तेव्हा जी बॅटरी अजून पुरती बाजारातही आलेली नाही, तिच्या अंत्यसंस्काराचा विचार आजच करणारे संशोधक आपल्याला हवे आहेत.

मराठवाड्याची कसोटी : पाणी

आम्लमार्गी प्रक्रियेला पाणी लागते आणि तिच्या शेवटी क्षारयुक्त सांडपाणी उरते. ज्या भूमीत उन्हाळ्यात गावोगाव टँकर फिरतात, ज्या शहराची तहान जायकवाडीच्या नाथसागरावर अवलंबून आहे आणि बिडकीनची औद्योगिक नगरी ज्या पैठणच्या वाटेवर वसते आहे, तेथे हा मुद्दा गौण मानता येणार नाही. परदेशातील प्रक्रिया जशीच्या तशी उचलून येथे बसविली तर ती गोदामाईच्या मुळावर येईल. वापरलेले पाणी पूर्णपणे शुद्ध करून पुन्हा वापरणारी, क्षार कोरडे करून वेगळे काढणारी प्रक्रियाच येथे चालू शकते.

या अडचणीतूनच येथील संशोधनाची दिशा निघते. खनिज आम्लांऐवजी सायट्रिक आम्लासारख्या सौम्य सेंद्रिय आम्लाने धातू विरघळविण्याचे प्रयोग अनेक प्रयोगशाळांत यशस्वी झाले आहेत. ती प्रक्रिया अजून संथ व महाग आहे, हे खरे. परंतु सायट्रिक आम्ल मळीच्या किण्वनातूनही तयार करता येते, आणि मराठवाड्यात साखर कारखान्यांना तोटा नाही. साखर कारखान्याची मळी आणि वाहन कारखान्याचे भंगार यांची सांगड घालता येईल काय, हा प्रश्न येथील रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याने हाती घेण्यासारखा आहे. उत्तर ‘नाही’ असे आले तरी तो अभ्यास वाया जाणार नाही.

शिशाने दिलेला धडा

‘आठ-दहा वर्षे अवकाश आहे, घाई कशाला?’ असे म्हणणारे काहीजण भेटतात. त्यांनी शिशाच्या बॅटरीचा इतिहास आठवावा. शिशाच्या जुन्या बॅटरीला भाव असतो, म्हणून ती कधीच उकिरड्यावर पडत नाही. या अर्थाने तिचे पुनर्चक्रीकरण पूर्ण यशस्वी आहे. परंतु ते कोठे व कसे होते? बरेचसे काम वस्त्यांच्या कडेला, उघड्या भट्ट्यांत, हातमोज्यांशिवाय. आम्ल मातीत आणि धूर श्वासात. युनिसेफच्या २०२० च्या एका अहवालात भारतातील सुमारे साडेसत्तावीस कोटी बालकांच्या रक्तात शिशाचे प्रमाण धोक्याच्या पातळीवर असल्याचा अंदाज दिला होता. त्याला इतरही कारणे आहेत, परंतु बॅटरी वितळविण्याचा हा अनिर्बंध धंदा त्यांतील एक प्रमुख कारण मानले गेले. शिसे मुलांची बुद्धी खुरटवते. वस्तू वाचली आणि मूल गेले, असा तो व्यवहार ठरला.

लिथियमच्या बॅटरीत शिसे नाही, पण ती फोडली व पेटली तर तिच्यातील द्रवापासून हायड्रोजन फ्लोराइडसारखा घातक वायू तयार होतो. शिवाय विद्युत वाहनांच्या कारखान्यात पहिल्या दिवसापासून सदोष व नाकारलेल्या बॅटऱ्या निघतातच. अपघातग्रस्त वाहनांतून, भ्रमणध्वनी व संगणकांतून त्या येतातच. म्हणजे हे भंगार दहा वर्षांनी येणार नसून आलेलेच आहे.

आणि कचऱ्याच्या बाबतीत उद्यावर ढकलण्याची किंमत या शहराला कोणी सांगावयास नको. २०१८ च्या फेब्रुवारीत नारेगावच्या ग्रामस्थांनी कित्येक दशके सोसलेल्या दुर्गंधीविरुद्ध ठाम भूमिका घेतली आणि कचऱ्याच्या गाड्या अडल्या. पुढे कित्येक आठवडे शहरात कचऱ्याचे ढीग साचले. मार्चमध्ये मिटमिटा परिसरात तर दगडफेक व लाठीमारापर्यंत प्रकरण गेले. त्या ग्रामस्थांचे चुकले होते असे कोण म्हणेल? शहराने आपली घाण दुसऱ्याच्या अंगणात टाकून ‘स्वच्छ’ राहावयाचे, हा न्याय नव्हे. तो कचरा ओला-सुका होता, काही काळाने कुजणारा होता. बॅटरीचे ढीग कुजत नाहीत, ते पेटतात.

काय करावयास हवे?

पहिली गोष्ट, बिडकीनच्या नियोजनातच पुनर्चक्रीकरणासाठी जागा राखून ठेवावी. ती वस्तीपासून दूर, अग्निशमन व्यवस्थेने सज्ज आणि सांडपाण्याच्या स्वतंत्र प्रक्रियेसह असावी. कारखाना आधी व भंगाराचा विचार नंतर, हा क्रम आता उलटावा लागेल.

दुसरी गोष्ट, संशोधनाची. या शहरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ आहे, शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, विद्यापीठ परिसरात ‘नाएलिट’सारखी इलेक्ट्रॉनिकीची केंद्रीय संस्था आहे, साचे घडविणारी इंडो-जर्मन टूल रूम आहे आणि नवउद्योगांना हात देणारी ‘मॅजिक’ही आहे. रसायनशास्त्र एका ठिकाणी, यंत्ररचना दुसऱ्या ठिकाणी आणि उद्योजक तिसऱ्या ठिकाणी अशी स्थिती आहे. या सर्वांना एका संशोधन केंद्राच्या छताखाली आणण्याची, आणि त्या खर्चातील वाटा वाहन कंपन्यांनी उचलण्याची अट प्रकल्पांच्या सवलतींशी जोडता येईल. शासन जमीन, वीज व करांत सवलत देते, ती जनतेच्या पैशातून देते. बदल्यात एक प्रयोगशाळा मागणे हा काही अपराध नव्हे.

तिसरी गोष्ट, बॅटरीच्या दुसऱ्या आयुष्याची. वाहनातून उतरविलेल्या बॅटरीत पुष्कळदा शेकडा सत्तर-ऐंशी धारणशक्ती शिल्लक असते. अशा बॅटऱ्या तपासून, निवडून सौरऊर्जा साठविण्यासाठी वापरता येतात. वाडी-वस्तीवरची शाळा, आरोग्य उपकेंद्र येथे त्या आणखी काही वर्षे सेवा देतील. सेवानिवृत्त माणसाला आपण निरुपयोगी मानीत नाही, त्याला साजेसे काम देतो. तोच न्याय येथे लावावा. मात्र ही तपासणी शास्त्रीय असली पाहिजे, जुगाडू नव्हे.

चौथी गोष्ट, आज भंगारावर पोट भरणाऱ्या माणसांची. कायदा आला म्हणून त्यांना हुसकून लावले तर बॅटऱ्या लपूनछपून फोडल्या जातील. गोळा करण्याचे जाळे त्यांच्याकडेच आहे. त्यांना ओळखपत्र, प्रशिक्षण व रास्त भाव देऊन या व्यवस्थेत सामावून घ्यावे. फोडण्याचे काम यंत्राने, गोळा करण्याचे काम माणसाने, अशी विभागणी झाली तर कोणाची रोजी जाणार नाही आणि कोणाची फुप्फुसेही जाणार नाहीत. झारेकऱ्याच्या या वारसदारांना प्रतिष्ठा देणे हे समरसतेचेच काम आहे.

आणि पाचवी गोष्ट आपल्या घरातली. दिवाळीच्या साफसफाईत खणाच्या तळाशी सापडणारे जुने भ्रमणध्वनी, फुगलेल्या बॅटऱ्या, मुलांची बंद पडलेली खेळणी यांचे आपण काय करतो? ओल्या कचऱ्याच्या डब्यात टाकतो. ती बॅटरी घंटागाडीत दाबली गेली तर सफाई कामगाराच्या हाताशी आग लागू शकते. प्रत्येक नगरात, प्रत्येक संकुलात वर्षातून दोनदा जुन्या बॅटऱ्या व इलेक्ट्रॉनिक वस्तूंचे संकलन करून त्या अधिकृत केंद्रापर्यंत पोहोचविणे हे कार्यकर्त्यांना सहज जमण्यासारखे काम आहे. विद्युत दुचाकी घेताना विक्रेत्याला ‘किती किलोमीटर चालते?’ या प्रश्नाबरोबरच ‘बॅटरी थकल्यावर परत कोण घेईल?’ हाही प्रश्न विचारावा. ग्राहक विचारू लागला की कंपन्या उत्तर शोधू लागतात.

शेवटी पुन्हा क्रांती चौक

१८५७ च्या जून महिन्यात या शहरातील छावणीत हैदराबाद कंटिन्जंटच्या घोडदळातील सैनिकांनी परकीय सत्तेविरुद्ध बंडाचा झेंडा उभारला. त्यांना मरणाची शिक्षा मिळाली. क्रांती चौकातील काळा चबुतरा त्यांची स्मृती जागवीत उभा आहे. त्या सैनिकांपुढे प्रश्न सरळ होता. शत्रू समोर दिसत होता आणि हातात शस्त्र होते. आपल्या पिढीपुढचे पारतंत्र्य इतके स्पष्ट दिसत नाही. ते आयातीच्या आकड्यांत, परवान्याच्या कागदांत आणि प्रयोगशाळेतील रिकाम्या खुर्च्यांत दडलेले असते. त्याच्याशी लढण्यासाठी प्राण देण्याची आवश्यकता नाही. वीस वर्षे चिकाटीने एकाच प्रश्नावर काम करणारी माणसे हवीत, आणि त्यांच्यामागे उभा राहणारा समाज हवा.

हिरवी पाटी लावल्याने वाहन हिरवे होत नाही. त्याची बॅटरी कोठून आली, कोणाच्या श्रमातून आली आणि शेवटी कोठे गेली, यावर त्याचा रंग ठरतो. वाहने घडविणारे शहर म्हणून संभाजीनगरचे नाव होईलच. परंतु घडविलेल्या वस्तूची शेवटपर्यंत जबाबदारी घेणारे शहर म्हणून ते झाले, तर ते देशाला मर्सिडीजच्या खरेदीपेक्षा कितीतरी अधिक काळ आठवत राहील.